बोकड्याचं झाड आणि पांढरी माशी: प्रकल्प नोंदी

जागा: गिरणारे रस्त्यालगतचं शेडनेट, नाशिक, पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवून विषाणू ओळखायचं) काम शहरातल्या प्रयोगशाळेत. पीक टोमॅटो. रोग लीफ कर्ल, म्हणजे आपल्याकडचा बोकड्या. कीड पांढरी माशी, बेमिसिया टॅबॅसी. माश्यांच्या मोजणीचे आकडे नोंदवहीत आहेत. इथे पद्धत, चुका आणि त्यातून काय ठरलं एवढंच.

12 ऑगस्ट

पुसा रुबीचं बी पेरलं. 98 कप्प्यांचे दोन ट्रे, कोकोपीट वाफवून घेतलेलं. वाण मुद्दाम जुना घेतला. बाजारातल्या अनेक संकरित वाणांत टीवाय नावाची, या रोगाला तोंड देणारी जनुकं असतात. अशा झाडात विषाणू शिरतो, पण फारसा वाढत नाही आणि पानंही फारशी वळत नाहीत. मग रोगट झाड कुठलं आणि निरोगी कुठलं, हेच डोळ्यांना कळत नाही. इथे रोग चांगला रुजायला हवा आहे.

प्रश्न असा मांडला: रोगट झाडावर माशी जास्त दिसते, ती तिथे जास्त येते म्हणून, की आलेली हलत नाही म्हणून? प्लॉटमध्ये दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पण विषाणूच्या दृष्टीने त्या अगदी वेगळ्या आहेत.

लीफ कर्लचा विषाणू माशीच्या सोंडेला चिकटून जात नाही. ती अन्नरस ओढते तेव्हा तो पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडून रक्तद्रवात आणि मग लाळग्रंथीत पोचतो. या कुळातल्या टोमॅटो यलो लीफ कर्ल विषाणूला हा फेरा पुरा करायला साधारण 8 तास लागतात, आणि एकदा आत गेला की बहुधा माशीच्या मरणापर्यंत राहतो. म्हणजे माशीने झाडावर ठाण मांडून बसणं त्याच्या सोयीचं. याउलट काकडीवर्गातला मोझॅक, सीएमव्ही. मावा सोंड टोचून काही सेकंदांतच तो उचलतो आणि तेवढ्याच लवकर गमावतो. त्याच्या सोयीचं काय, तर माव्याने यावं, चाखावं आणि लगेच उठावं. म्हणून ‘विषाणू किडीला बोलावतो’ हे वाक्य अर्धंच आहे. बोलावून पुढे बसवतो की हाकलतो, ते विषाणू कसा पसरतो त्यावर ठरतं.

21 ऑगस्ट

माश्यांची पैदास बसली. 60 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी पिंजऱ्यात कापसाच्या कुंड्या होत्या. कापूस संपत आला म्हणून तात्पुरती एका नर्सरीतून आणलेली टोमॅटोची रोपं आत ठेवली, आणि दोन दिवसांत पिंजऱ्याच्या तळाला माश्यांचा पांढरा सडा पडला. रोपांवर एक जिवंत माशी नाही. कापसावर मात्र ठणठणीत.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. नर्सरीतून रोप निघण्याआधी ट्रेला आंतरप्रवाही कीटकनाशकाची आळवणी करायची पद्धत आहे, आणि बियाणंही बऱ्याचदा त्याच गटातल्या औषधाचं लेपन केलेलं असतं. शेतकऱ्याला ते हवंच असतं, आपल्या कामाला ते विष. इथून पुढे बी आपणच पेरायचं, लेपन नसलेलं. लेपन असलेलं बी रंगीत असतं, पण रंग नाही म्हणजे औषध नाही असं धरू नये. पाकिटाच्या मागे काय छापलंय ते वाचावं.

4 सप्टेंबर

पैदास पुन्हा धरली. तीन गोष्टी तपासल्या.

माशी कुठल्या जातीची: बेमिसिया टॅबॅसी हे एकच नाव असलं तरी दिसायला सारख्या असलेल्या अनेक जाती त्याखाली येतात. एशिया 1, एशिया 2 या आपल्याकडच्या. एमईएएम 1 बाहेरून आलेली, भारतात पहिल्यांदा 1999 मध्ये कर्नाटकातल्या कोलारला नोंदली गेली. भिंगाखाली फरक कळत नाही. मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे 850 बेसपेअरचा (बेसपेअर म्हणजे डीएनएची लांबी मोजायचं एकक) तुकडा पीसीआरने वाढवून त्याची क्रमवारी काढावी लागते. हा खर्च टाळून चालत नाही. चीनमध्ये 2007 साली छापून आलेलं काम बघा: तंबाखूवर विषाणू असताना बाहेरून आलेल्या बी प्रकारच्या (म्हणजेच एमईएएम 1) माशीची अंडी घालण्याची क्षमता आणि आयुष्य एका विषाणूबरोबर 12 पट आणि 6 पट, तर दुसऱ्याबरोबर 18 पट आणि 7 पट वाढलं. तिथल्या स्थानिक माशीला त्याच झाडांचा काहीच फायदा झाला नाही. माशी कुठली हे न सांगता ‘रोगट झाडावर माशी वाढते’ असं लिहिणं निरर्थक.

पैदास स्वच्छ आहे का: 20 माश्यांचा गट एका कोवळ्या टोमॅटो रोपावर, अशी पाच रोपं. 48 तासांनी माश्या काढल्या. रोपं चार आठवडे ठेवायची. एकाचंही पान वळलं तर पैदास बाद. कापूस स्वतः काही बेगोमोव्हायरसचं (लीफ कर्लच्या विषाणूचा गट) यजमान आहे, त्यामुळे कापसावर वाढवली म्हणजे माशी स्वच्छ, असं नाही. रोपांचा निकाल यायच्या आत लागण करायची आहे, म्हणून माश्यांचीही पीसीआर करून घेतली. निरंक. रोपं वळलीच तर पुढचं सगळं रद्द, हा धोका पत्करला आहे.

विषाणूचा स्रोत: दिंडोरी बाजूच्या प्लॉटमधून पाच झाडांचे शेंडे आणले. सीटॅब पद्धतीने डीएनए काढला, 100 मिग्रॅ कोवळं पान, 65 अंशांवर अर्धा तास. डेंग 541 आणि 540 ही प्रायमरची जोडी, विषाणू असेल तर पट्टा सुमारे 530 बेसपेअरला अपेक्षित. पहिल्या फेरीत एकाही नमुन्यात पट्टा नाही. झाडं डोळ्यांना स्पष्ट रोगट, म्हणजे दोष पीसीआरच्या वाटेतला. टोमॅटोच्या पानातले फेनॉल डीएनएबरोबर येतात आणि एन्झाइमला अडवतात. डीएनएची गोळी तपकिरी दिसली होती तेव्हाच ओळखायला हवं होतं. तोच डीएनए 10 पट पातळ करून लावला, चार नमुन्यांत पट्टा आला. जुना पाठ: पट्टा नाही तर आधी पातळ करून बघा, नवं रसायन मागवायची घाई नको.

पाचव्या नमुन्यात लीफ कर्लचा विषाणू नव्हताच. पानावर एकाआत एक कड्या, शेंडा करपलेला. तो फुलकिड्यांमार्फत येणाऱ्या टॉस्पोव्हायरसचा नमुना दिसतो. प्लॉटवर या सगळ्याला ‘व्हायरस’ असा एकच शब्द आहे.

चारपैकी दोन नमुन्यांत बीटासॅटेलाइटचाही (विषाणूच्या सोबतीने फिरणारा डीएनएचा छोटा तुकडा) सुमारे 1350 बेसपेअरचा पट्टा मिळाला. पुढच्या कामाला त्यातलाच एक स्रोत. का, ते 22 ऑक्टोबरच्या नोंदीत.

9 सप्टेंबर

लागण. रोपं 28 दिवसांची, तीन ते चार खरी पानं. माश्या 24 तास रोगट शेंड्यावर, मग 15 माद्या प्रत्येक रोपावर, पारदर्शक कपात, वर 50 मेशच्या जाळीचं झाकण. 48 तास. मादी नरापेक्षा मोठी असते. जोडीने बसलेल्या पकडल्या की निवड सोपी जाते. माशी तोंडाने ओढून पकडायची ओढनळी काचेची, मध्ये मलमलीचा तुकडा. तो विसरला तर माशी तोंडात जाते.

तुलनेची रोपं तशीच कोरी ठेवली नाहीत. त्यांच्यावरही तेवढ्याच माश्या, तेवढाच वेळ, फक्त विषाणू नसलेल्या. या प्रकारच्या कामात सर्वांत जास्त चुकतं ते इथे. माशीच्या नुसत्या सोंडेनेही झाडाचं संरक्षण हलतं. ते चालवणाऱ्या दोन संप्रेरकांपैकी सॅलिसिलिक आम्लाची बाजू चढते, जास्मोनिक आम्लाची उतरते. एका बाजूला माशी आणि विषाणू, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी तुलना केली तर जो फरक दिसेल तो माशीचा की विषाणूचा, हे कधीच वेगळं करता येणार नाही.

तिसरा गट: आठ निरोगी रोपं, त्यांना पुढच्या आठवड्यापासून नत्र बंद. बाकीच्यांना 19:19:19 खत, लिटरला 2 ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. हा गट कशासाठी, ते पिंजऱ्याच्या दिवशी.

12 सप्टेंबर

माश्या ओढून काढल्या. नंतर पानामागची अंडी. टाचणीच्या टोकाएवढीही नसतात, देठावर उभी, कोवळ्या पानावर गोलाकार घातलेली. भिंगाखाली ओल्या ब्रशने पुसली. एका रोपाला 20 मिनिटं लागतात आणि कंटाळा येतो, पण अंडी राहिली तर पिल्लं निघतात, तीन आठवड्यांनी रोपावर आपोआप माश्या दिसू लागतात आणि ‘रोगट झाडावर माशी जास्त’ असं फुकटचं उत्तर मिळतं. दोन्ही गटांची अंडी सारखीच पुसली.

27 सप्टेंबर

लागणीला 18 दिवस. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळली, कडा पिवळ्या, पेरं आखूड. लागण केलेल्या 16 रोपांपैकी 13 मध्ये लक्षणं आणि पीसीआर दोन्ही जुळले. दोन रोपं पीसीआरला होकारार्थी पण अजून दिसायला बरी, एक निरंक. ही तिन्ही बाजूला. नत्र तोडलेली रोपं फिकट पिवळी पडली.

जोड्या लावल्या: आठ रोगट, आठ निरोगी, आठ पिवळी-निरोगी. एकाच जोडीवर 200 माश्या सोडल्या तरी तो नमुना एकच. माश्या वाढवून पुरावा वाढत नाही, त्यासाठी झाडं वाढवावी लागतात.

3 ऑक्टोबर

पिंजऱ्यातली निवड चाचणी. स्वच्छतेची पाचही रोपं चार आठवड्यांनी सरळ पानांची, तो धोका टळला. मांडणी अशी: पिंजरा 60 सेंमीचा, तीन कोपऱ्यांत तीन कुंड्या, मध्यावर उघडी बाटली, त्यात तीन तास उपाशी ठेवलेल्या 100 माद्या. रोगट झाड बुटकं असतं, म्हणून त्याच्याखाली उलटी कुंडी ठेवून शेंडे एका उंचीवर आणले. प्रत्येक झाडाला वरची चारच पानं ठेवली, बाकी दोन दिवस आधीच काढली. आदल्या रात्री काढली असती तर जखमेचा वास चाचणीत आला असता.

मोजणी 15 मिनिटं, 1 तास, 4 तास, 24 तास, 48 तास. पान उलटून बघायचं नाही, माशी उडते. दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा पानाखाली हळूच सरकवायचा, आरशात ठिपके मोजायचे. 24 आणि 48 तासांचं मोजणं सकाळी 7 च्या आत पडेल अशी सुरुवात करायची.

आठही जोड्या मिळून जे दिसलं ते असं. पहिल्या तासात रोगट आणि नत्र तोडलेलं, दोन्ही पिवळ्या झाडांवर माश्या जवळजवळ सारख्या. हिरव्या निरोगी झाडावर कमी. म्हणजे पहिली धाव रंगाकडे, विषाणूचा त्यात हात एवढाच की पान पिवळं तो करतो. चिकट सापळे पिवळे असतात ते याचमुळे. चार तासांनंतर चित्र फिरलं. नत्र तोडलेल्या झाडावरून माश्या उठू लागल्या. 48 तासांना ते झाड जवळपास रिकामं आणि रोगट झाड भरलेलं.

फक्त एका तासाची मोजणी केली असती तर उत्तर ‘रंग’ एवढंच आलं असतं. फक्त 48 तासांची केली असती तर ‘विषाणू माशीला खेचतो’ असं. दोन्ही चूक.

7 ऑक्टोबर

वासाची चाचणी, वाय आकाराच्या काचनळीत. बाहू 15 सेंमी, आतला व्यास 1.5 सेंमी. मत्स्यटाकीचा पंप, त्यापुढे कोळशाची नळी, मग डिस्टिल्ड पाण्याची बाटली, मग झाडाभोवती ओव्हनमध्ये चालणारी पिशवी, मग बाहू. प्रत्येक बाहूत मिनिटाला 250 मिली हवा, दोन्हीकडे वेगळे प्रवाहमापक. एकच मापक आणि पुढे टी-जोड असं केलं तर हवा सोप्या वाटेने जाते आणि माशीही.

आज 20 माश्या. 14 डाव्या बाहूत. झाडांची अदलाबदल केली तरी डावीकडेच. डावीकडे खिडकी. काम बंद.

8 ऑक्टोबर

खिडकीला काळं कापड, दिवा नळीच्या बरोबर वर, दोन्ही बाहूंपासून सारख्या अंतरावर. पूर्ण अंधार करून चालत नाही, माशी तळातच बसून राहते. झाडं मलमलीच्या पडद्याआड, म्हणजे रंग दिसणार नाही. आधी दोन्ही बाहूंत रिकाम्या पिशव्या लावून 20 माश्या चालवल्या, 11 आणि 9. आता नळीवर विश्वास ठेवता येईल.

दर 5 माश्यांनी बाहू बदलायचे, दर 10 नी नळी ॲसिटोनने धुऊन 100 अंशांवर सुकवायची. 5 मिनिटांत बाहूच्या अर्ध्यापलीकडे गेली नाही तर ‘निवड नाही’, तिला मोजणीतून वगळायचं पण संख्या लिहून ठेवायची.

निष्कर्ष: रोगट झाडाच्या वासाकडे थोडा कल. पण आठपैकी काही जोड्यांत उलटा. दावा करण्याइतकं हे नाही. माशी वासावर येत नाही असं नव्हे. इथे रंगाच्या तुलनेत वासाचा वाटा लहान पडतो, एवढंच म्हणता येईल.

15 ऑक्टोबर

पैदासीच्या दोन पिंजऱ्यांतल्या माश्या सकाळी गळालेल्या. शेजारच्या द्राक्षबागेची गोडी छाटणी झाली आहे, डोळे फुटायला लागलेत, आणि त्या अवस्थेत उडद्यासाठी फवारणी ठरलेली. काल संध्याकाळी ब्लोअर चालला होता आणि वारा आपल्याकडे. 50 मेशची जाळी माशी अडवते, फवाऱ्याचा धुरळा अडवत नाही.

शेजाऱ्याचा दोष नाही. ऑक्टोबरमध्ये नाशकात फवारा नसलेलं शिवार शोधूनही मिळणार नाही. उपाय आपल्याकडे. पिंजरे शेडनेटमधून काढून बंद खोलीत, एलईडी नळ्यांखाली, 14 तास उजेड, 27 अंश. शिवाय एक राखीव पिंजरा शहरात. बागायतदारांना विचारून फवारणीच्या आदल्या दिवशी फोन यायची सोय केली. ‘अहो, तुमच्या माश्यांसाठी आम्ही फोन करायचा का,’ असं हसून झालं, पण फोन येतात.

झाडांवरही औषध बसलं असेल, म्हणून चालू संच बाद. सुदैवाने 9 सप्टेंबरनंतर दोन आठवड्यांनी दुसरा संच लावून ठेवला होता आणि तो खोलीत होता.

22 ऑक्टोबर

रोगट झाडावर माशी टिकते ती का, याच्या मागे.

टोमॅटोच्या पानावर बारीक लव असते, त्यातली चार पेशींच्या डोक्याची ग्रंथीयुक्त लव टर्पीन बनवते. पान चुरगाळल्यावर हाताला जो हिरवट डाग आणि वास लागतो तो तिथलाच. टर्पीनांतली काही पांढऱ्या माशीला दूर ठेवतात. रानटी टोमॅटोंपैकी काही जाती माशीला जवळ येऊ देत नाहीत त्याचं एक कारण हेच. टर्पीन बनवणाऱ्या जनुकांवर जास्मोनिक आम्लाच्या साखळीतला एमवायसी 2 नावाचा प्रथिन-मुकादम देखरेख ठेवतो. तो हलला की जनुकं चालू.

चीनमधल्या गटाने 2014 मध्ये दाखवलं की बीटासॅटेलाइटवरचं मुख्य प्रथिन, बीटा-सी 1, थेट या एमवायसी 2 ला जाऊन चिकटतं. मुकादम बांधला गेला की टर्पीन उतरतं आणि माशीला ते पान बरं वाटतं. म्हणूनच स्रोत निवडताना बीटासॅटेलाइटवाला घेतला. विषाणू माशीसाठी नवं काही बनवत नाही, झाड माशीला जे हाकलायला वापरतं ते बंद करतो. ‘आकर्षित करतो’ या शब्दापेक्षा ‘दार उघडं ठेवतो’ हे जास्त जवळचं.

आपल्याकडे टर्पीन मोजायचं यंत्र नाही. दोन स्वस्त मोजण्या केल्या.

एक, ग्रंथींची संख्या: वरून तिसऱ्या पानाची 1 सेंमीची चकती, पानाची खालची बाजू, 40 पट भिंग. इथे सापळा आहे. रोगट पान लहान राहतं, त्यामुळे तेवढ्याच ग्रंथी कमी जागेत दाटतात आणि चकतीवर जास्त दिसतात. दर चौरस सेंमी आणि दर पान, दोन्ही आकडे लिहिले तरच अर्थ लागतो.

दोन, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज (पीपीओ) हे एन्झाइम: 200 मिग्रॅ पान, थंड फॉस्फेट बफर, सामू 6.8, थोडं पीव्हीपी (फेनॉल धरून ठेवणारी पूड) घालून वाटायचं, गाळ बसवून वरचा रस घ्यायचा. 10 मिलिमोलर कॅटेकॉल, 420 नॅनोमीटरवर दर 15 सेकंदांनी वाचन, 2 मिनिटं. खलबत्ता बर्फात नसेल तर रस वाटतानाच तपकिरी होतो आणि वाचन फसतं. निरोगी झाडाला जखम केली की हे एन्झाइम 24 तासांत चढतं. रोगट झाडाला तीच जखम केली तर चढ कमी. जास्मोनिक आम्लाची बाजू दबलेली आहे याचा हा अप्रत्यक्ष पुरावा, त्याहून जास्त काही नाही.

29 ऑक्टोबर

उलटी चाचणी. जास्मोनेट दबल्यामुळे माशी टिकत असेल तर बाहेरून जास्मोनेट दिल्यावर ती टिकायला नको.

मिथाइल जास्मोनेट 0.5 मिलिमोलर. 500 मिली पाण्याला 56 मिग्रॅ, म्हणजे सुमारे 54 मायक्रोलिटर. थेट पाण्यात टाकलं तर वर तवंग येतो. आधी 1 मिली इथेनॉलमध्ये विरघळवायचं, मग पाण्यात, त्यात ट्वीन-20 (फवारा पानावर पसरवणारं द्रव्य) दोन-तीन थेंब. तुलनेच्या झाडांवर तेच पाणी, इथेनॉल आणि ट्वीन, जास्मोनेट सोडून. पानं दोन्ही बाजूंनी ओली होईपर्यंत. आधी एका झाडावर 2 मिलिमोलर मारून पाहिलं होतं. तीन दिवसांत पानं पिवळी. जास्त झालं की झाड वाढ थांबवतं, आणि पिवळं पान म्हणजे रंगाचा घोळ परत दारात.

1 नोव्हेंबर

48 तासांचं मोजणं झालं. चारही गटांत माश्या सारख्याच. निरोगी, रोगट, फवारलेलं, न फवारलेलं, काही फरक नाही. कल्पना मोडली असं पहिल्यांदा वाटलं.

मोडली नव्हती. सगळ्या कुंड्या एकाच खोलीत, एका फळीवर. मिथाइल जास्मोनेट उडणारं आहे. फवारलेल्या झाडावरून ते हवेत गेलं आणि न फवारलेल्यांनी घेतलं. पीपीओचं वाचन घेतलं तर न फवारलेल्या निरोगी झाडांतही चढलेलं. सगळ्यांना औषध दिलं गेलं, तुलनेला कोणी उरलंच नाही.

पुन्हा: फवारलेली झाडं वेगळ्या खोलीत, वेगळी हवा, आधी न फवारलेल्यांना पाणी घालायचं आणि मग फवारलेल्यांना, हातमोजे बदलून. फवारणीनंतर 24 तासांनी झाडं चाचणीच्या पिंजऱ्यात, एका पिंजऱ्यात एकच गट.

6 नोव्हेंबर

या वेळी बरोबर बसलं. फवारलेल्या रोगट झाडावर पहिल्या तासात माशी येते तशीच आली, रंग तोच असल्यामुळे. 48 तासांना मात्र गर्दी टिकली नाही. येणं आणि टिकणं वेगळं, हे आता दोन बाजूंनी दिसलं.

एक सावधगिरी: फवारलेल्या निरोगी झाडावरही माशी कमी टिकली. जास्मोनेट सगळ्यांनाच माशीला नकोसं करतं. म्हणून रोगट झाडावरची घट निरोगी झाडावरच्या घटीपेक्षा किती जास्त, हेच बघायचं.

10 नोव्हेंबर

पोटात विषाणू असलेली माशी काय निवडते? मावा आणि गहू-बार्लीवरच्या विषाणूत 2012 मध्ये दिसलं होतं की विषाणू नसलेला मावा रोगट झाडाकडे जातो आणि विषाणू घेतलेला निरोगी झाडाकडे. विषाणूला याहून सोयीचं काय असणार. टोमॅटो आणि पांढऱ्या माशीतही अशा प्रकारची निरीक्षणं आहेत, पण माशीच्या प्रकारागणिक निकाल बदलतो.

मांडणीतला धोका: विषाणूवाल्या माश्या रोगट झाडावर राहिलेल्या, बिनविषाणूच्या निरोगी झाडावर. मग आवडनिवड विषाणूमुळे की सवयीमुळे? म्हणून दोन्ही गट 48 तासांनंतर 24 तास कापसावर ठेवले, आणि तिथून पिंजऱ्यात. हा मधला मुक्काम वगळला तर निकाल वाचायचा नाही. चाचणी संपल्यावर माश्या वेचून पीसीआर, कारण रोगट झाडावर बसलेली प्रत्येक माशी विषाणू घेतेच असं नाही.

बिनविषाणूच्या माश्या रोगट झाडावर टिकल्या, आधीसारख्या. विषाणूवाल्यांत ती ओढ उरली नाही. निरोगी झाडाकडे उलटा ठाम कल आहे असं म्हणायला मात्र जोड्या कमी पडतात.

14 नोव्हेंबर

आडवळण, पण उपयोगी. झुकिनीवर सीएमव्ही आणि मावा, फक्त घड्याळ ताडून बघायला. रोगट पानाचा रस 0.1 मोलर फॉस्फेट बफरमध्ये, सामू 7.2, बर्फावर वाटलेला. बीजदलांवर 600 मेशची कार्बोरंडम भुरभुरून बोटाने हलकं चोळायचं, 5 मिनिटांनी धुवायचं. जोर लागला तर बीजदल करपतं आणि विषाणूही त्याच्याबरोबर जातो.

अमेरिकेत 2010 मध्ये भोपळावर्गावर दिसलं होतं तेच: रोगट झाड निरोगी झाडासारखाच वास सोडतं, पण जास्त प्रमाणात. मावा येतो, चव घेतो, चव वाईट, उठतो. आपल्या पिंजऱ्यातही तासाभरात मावा रोगट झाडावर होता, दुसऱ्या दिवशी निरोगी झाडावर. पांढऱ्या माशीच्या बरोबर उलट. घड्याळाची वेळ न लिहिलेला कुठलाही निवड-निकाल यापुढे वाचायचा नाही असं ठरलं.

21 नोव्हेंबर

थंडी पडली. सकाळी शेडनेटमध्ये माशी पानामागे गोठल्यासारखी, आरसा लागला तरी हलत नाही. चाचण्यांना वाईट, पण रोगट झाडं काढायच्या कामाला हीच वेळ चांगली.

दिंडोरीजवळच्या प्लॉटवर बघितलं ते असं. लीफ कर्लचं झाड दिसलं की मजूर दुपारी ते उपटतात, सरीतून ओढत नेतात आणि बांधावर टाकतात. उपटताना हलवलं की माशी उडते. बांधावर झाड कोमेजायला लागलं की उरलेलीही उठते, आणि जवळचं ओलं झाड म्हणजे आपलाच निरोगी प्लॉट. रोगट झाडावर माशी टिकून होती ती आपण स्वतः हाकलून दिली, तीही पोटात विषाणू घेऊन.

करून बघितलेली पद्धत: सूर्य वर येण्याआधी. मोठी प्लास्टिक थैली शेंड्यावरून खालपर्यंत हळू सरकवायची, झाड हलवायचं नाही. थैली चढल्यावर सुतळी-तार विळ्याने सोडायची. जमिनीलगत कात्रीने कापायचं, उपटायचं नाही. मुळं ओढली की शेजारच्या झाडाची मल्चिंग उचकटते. थैली तिथेच बांधायची. प्लॉटबाहेर उन्हात दोन दिवस बंद, मग खड्ड्यात. झाडाभोवती 1 मीटरवर चार पिवळे चिकट सापळे आदल्या दिवशी लावले आणि कापणीनंतर दुसऱ्या दिवशी काढले. उपटलेल्या झाडांभोवतीच्या सापळ्यांवर माशी लागली, थैलीवाल्यांभोवती अगदी थोडी.

गडी म्हणाला, ‘दादा, एका झाडाला एवढा वेळ, एकरात किती झाडं?’ बरोबर आहे. लागवडीनंतर पहिल्या महिन्यात, रोगट झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असताना हे परवडतं. अर्धा प्लॉट वळल्यावर थैल्या घेऊन फिरण्यात अर्थ नाही. तोवर माशीने तिचं काम केलेलं असतं.

24 नोव्हेंबर

पिंजरे रिकामे केले. रोगट झाडं थैलीत बांधून ऑटोक्लेव्हला, 121 अंश, 20 मिनिटं. विषाणूवाल्या माश्यांचे पिंजरे रात्रभर फ्रीजरमध्ये, मग साबणाच्या पाण्याने धुतले. स्वच्छ पैदास कापसावर चालू ठेवली आहे. फेब्रुवारीत उन्हाळी टोमॅटोची रोपं तयार होतील तेव्हा 10 नोव्हेंबरची चाचणी 20 जोड्यांवर पुन्हा लावायची आहे.

तिसऱ्या पिंजऱ्याच्या चेनजवळ जाळीला दोन मिलिमीटरचं भोक सापडलं. कधीपासून आहे कळत नाही. त्या पिंजऱ्यातली 3 ऑक्टोबरची जोडी नोंदवहीत लाल शाईने खोडली.